तुम्हाला कधी अटक झाली आहे का?

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी १५८/९४. संध्याकाळी १६६/९८.

ही वही दवाखान्यातल्या नर्सनं घ्यायला लावली. "रोज दोनदा रक्तदाब मोजायचा, मिस्टर हेग, आणि लिहून ठेवायचा. कसला ताण आला असेल तर तोही लिहायचा." मी म्हटलं, इंग्लंडच्या या टोकाला, हॉर्नसीत, कसला ताण येणार बाई? चाळीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढून दगडी कौलं बसवली, आता कायमचा खाली उतरलोय. समोर समुद्र आहे. ती म्हणाली, "तरी लिहा."

तर लिहितो. दुपारी कर्स्टीचा कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉल आला. ती आणि तिचा नवरा सिम शेजारी शेजारी, दोघंही हसू दाबून बसलेले. पाचवा महिना लागलाय. याआधी दोनदा पोटातलं गेलं, म्हणून या वेळी इतके दिवस कुणाला बोलले नव्हते. जूनच्या मध्यावर बाळ येईल. पोरगी अडतीस वर्षांची आहे.

बायकोनं, लॉरेननं, किंकाळीच फोडली. हातातला टॉवेल डोळ्यांना लावून रडली आणि मग ओट्याला धरून नाचली.

"सहा आठवडे या," कर्स्टी म्हणाली. "दोघंही. डॅड, तू पण. सबबी नकोत."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय बरं! आजोबा होतोयस!"

मला आनंद झाला. खरंच झाला. एखादा मिनिट टिकला असेल. मग अमेरिका हा शब्द तेवढा उरला.

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मोजायचं राहिलं. संध्याकाळी १७०/९९.

आमचे दोघांचे पासपोर्ट नवे आहेत, निळे. माझा कोराच आहे म्हणा ना. आमचं परदेश म्हणजे स्पेनची बेटं, मायोर्का आणि टेनेरीफ, तिथं कुणी काही विचारत नाही, पासपोर्ट बघतात आणि जा म्हणतात. अमेरिकेलाही आपल्या लोकांना व्हिसा लागत नाही. फोनवर एक अर्ज भरायचा, दहा मिनिटांचं काम. लॉरेन चष्मा नाकावर घेऊन टेबलाशी बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'आपल्याला खालीलपैकी कुठला रोग आहे का? कॉलरा, प्लेग...' तुला प्लेग आहे का रे माल्कम?"

"शेजारच्या बाईला विचार. ती म्हणेल आहे."

"'आपण कधी हेरगिरी किंवा घातपात केला आहे का?' तू कसली हेरगिरी करणार! फ्रिजमधलं लोणी सापडत नाही तुला."

मी हसलो. तिनं पुढचा प्रश्न वाचला. एखाद्याला गंभीर इजा झाली असेल, किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान झालं असेल, अशा गुन्ह्यात आपल्याला कधी अटक झाली आहे का? शिक्षा झाली आहे का?

माझं उत्तर यायच्या आत तिनं 'नाही'वर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. लगेच पुढचा प्रश्न. मी चहा ढवळत बसलो. मी साखर घेत नाही.

संध्याकाळपर्यंत दोघांची परवानगी आली. लॉरेन म्हणाली, "झालं की! उगाच घाबरवतात लोक."

मी खोटं बोललो नाही, एवढं इथं लिहून ठेवतो. मी काही बोललोच नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

१७१/९९. नर्सला आकडे वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही आता तिला दाखवता येणार नाही.

एकदाच लिहून टाकतो. सप्टेंबर १९७६. मी वीस वर्षांचा, आमच्या गावी, हॅलिफॅक्समध्ये. शनिवारची फुटबॉलची मॅच आमचा संघ हरला होता. आम्ही पाच जण, सगळे प्यालेले. घरी जाताना बसमध्ये बाचाबाची झाली आणि कंडक्टरला लागलं. तो शीख होता, हिंदुस्थानातला. पोलीस आले. नऊ महिने बोर्स्टल, म्हणजे आमच्या वयाच्या पोरांचा तुरुंग. सुटून आलो तोवर आईनं गाव सोडून इथं समुद्राकाठी घर घेतलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं, पोरगा बोटीवर नोकरीला होता. लॉरेन मला ८१ साली भेटली. तिलाही मी बोटीवरच होतो असं सांगितलं.

एवढंच. सत्तेचाळीस वर्षं झाली. तरुणपणी मूर्खपणा कोण करत नाही?

२० फेब्रुवारी, मंगळवार

घरच्या फोनवर शोधलं असतं तर लॉरेनला दिसलं असतं, म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो. सरकारनं प्रत्येक देशाचं पान केलंय, तिथं जायला काय काय लागतं त्याचं. पासपोर्ट किती महिने चालू हवा, कुठली लस घ्यायची. तिथून पुढे पुढे वाचत गेलो.

आपल्याकडच्या कायद्यानं इतक्या वर्षांनी गुन्हा सरला असं धरतात. कुणाला सांगायचं बंधन राहत नाही. अमेरिकेत काही सरत नाही. माझ्यासारख्यानं फोनवरचा तो अर्ज भरायचाच नाही. पोलिसांचा दाखला काढायचा, लंडनला त्यांच्या वकिलातीत जायचं, विचारतील ते सांगायचं आणि ते काय ठरवतात ते बघायचं. खोटं लिहिलेलं सापडलं तर कायमची बंदी.

कदाचित सापडणारही नाही. कोण बघतंय इतकं जुनं? पण तिथल्या विमानतळावर बोटं काचेवर ठेवायला लावतात म्हणे. मला सारखं दिसतंय, लॉरेन पुढे निघून गेलीय, पिशवीत बाळासाठी विणलेल्या टोप्या, आणि मला कुणीतरी दंडाला धरून बाजूला घेतंय, आणि ती मागे वळून बघतेय.

२ मार्च, शनिवार

१७५/१००.

कानाची सबब काढली. विमानात माझे कान दुखतात म्हटलं.

"डॉक्टरला दाखव."

मग कंबर काढली. अकरा तास बसवणार नाही.

"मधे मधे ऊठ."

शेवटी म्हणालो, "तू एकटीच जा ना. बाळंतपणात बापाचं काय काम?"

लॉरेन बटाटे सोलत होती. सोलायची थांबली नाही. "सिम सरदार आहे म्हणून ना?"

"बाष्कळ बोलू नकोस."

"मी बोलते बाष्कळ? लग्नाच्या दिवशी त्याचा बाप इतक्या लांबून आला होता. हात पुढे करून उभा होता तुझ्यासमोर. तू गाडी बघून येतो म्हणालास आणि गेलास. पाऊण तास कसली गाडी बघत होतास? पाच वर्षं झाली, मी कर्स्टीला सांगतेय, तुझे डॅड लाजाळू आहेत ग. मलाच लाज वाटते सांगताना."

मला म्हणता आलं असतं, तसं नाही. पण तसं नाही तर मग कसं, हे पुढचं तिनं विचारलं असतं. मी गप्प बसलो. तिनं त्याला होकार धरला.

५ मार्च, मंगळवार

कर्स्टीनं फोन केला. आई-लेकींचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं, कारण तिनं मला काही विचारलंच नाही. "सिमला तुझ्याशी बोलायचंय" म्हणाली आणि उठून गेली.

सिम शाळेत गणित शिकवतो. त्याचं पूर्ण नाव हरसिमरन. दाढी ठेवत नाही, पगडी बांधत नाही. आवाज कधी चढवत नाही, तसा आजही चढवला नाही.

"माल्कम, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मला राग नाही. माझे वडील पीचच्या बागेत काम करत मोठे झाले, त्यांनी लोकांची तोंडं बघितलीत, मीही बघितलीत. आम्हाला कळतं कोण कसं आहे ते. फक्त एक सांगायचं होतं."

"सांग."

"बाळाचं तोंड माझ्यासारखं असू शकतं. तेव्हा तुम्ही उठून गाडी बघायला जाणार असाल, तर आधीच येऊ नका."

मी म्हणालो, "ऐकलं मी." एवढंच म्हणालो. माणूस इतका कसा भिकार असतो? 'ऐकलं मी.'

६ मार्च, बुधवार

त्या लग्नाच्या दिवसाचं लिहितो, कारण ते कुणालाच माहीत नाही.

सिमचे वडील बलबीर उंच आहेत. ते गाडीतून उतरताना त्यांची पगडी दाराच्या वरच्या कडेला लागली आणि थोडी सरकली. त्यांनी पटकन दोन्ही हातांनी ती धरली, नीट केली, आणि हसत हसत माझ्याकडे आले. हात पुढे केला. मला तो हात दिसलाच नाही. मला पगडी धरणारे दोन हात दिसत होते. मी नोंदणी कार्यालयाच्या मागे जाऊन कचऱ्याच्या डब्यांपाशी ओकलो. नंतर खरोखरच गाडीत जाऊन बसलो.

कारण ७६ साली पगडी मी ओढली होती. वर 'बाचाबाची झाली' असं लिहिलंय ते खोडत नाही, पण ते खरं नाही. कसली बाचाबाची? तो माणूस आम्हाला एक शब्द उलटा बोलला नव्हता. मी ओढली, आणि ती सुटतच गेली, सुटतच गेली, इतकी लांब असेल असं वाटलं नव्हतं. पोरं हसत होती. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. तोंड झाकायला त्याच्याकडे हात उरले नाहीत.

पुढचं आज नको.

१७ मार्च, रविवार

लॉरेनला सांगितलं.

ती इस्त्री करत होती. छोटे छोटे कपडे होते, कुठल्या मैत्रिणीनं दिलेले. मी म्हणालो, "मी बोटीवर कधीच नव्हतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं सांगितलं होतं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. मला बाजूला घेऊन म्हणाली, तुला कळलेलं बरं, पोरगा आत जाऊन आलाय. बसमध्ये मारामारी झाली होती, पोरासोरांची. म्हणाली, त्याला विचारू नकोस, त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. मी नाही विचारलं." तिनं इस्त्री उभी केली. "तो प्रश्न आला तेव्हा तुझं तोंड बघवलं नसतं मला. म्हणून मीच बोट ठेवलं. एखाद्याचं नाक फुटलं असेल, त्यासाठी नातवाचं तोंड बघायचं नाही की काय?"

बेचाळीस वर्षं तिला माहीत होतं. मी इथं थांबलो असतो तर निभावलं असतं. तिनं मला जवळ घेतलं असतं, मला दिसत होतं ते.

मी म्हणालो, "नाक नाही. डोळा. त्याचा एक डोळा गेला, लॉरेन. तो शीख कंडक्टर होता. आम्ही त्याची पगडी काढली. आणि तो खाली पडला, लाथा बसल्या, त्यात डोळा गेला."

ती खाली बसली. मग म्हणाली, "कुणाची लाथ?"

"माहीत नाही."

"आणि बलबीर तुझ्यासमोर हात घेऊन उभे राहिले."

"हो."

"आणि मी पाच वर्षं समजतेय, माझा नवरा काळ्या माणसाचा हात धरत नाही म्हणून मला लाज वाटायला हवी. हे तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. इस्त्रीचं बटण बंद केलं आणि उशी घेऊन कर्स्टीच्या जुन्या खोलीत गेली.

'माहीत नाही' हे खोटं होतं. लाथ नव्हतीच.

२४ मार्च, रविवार

आठवडाभर आम्ही 'मीठ दे' आणि 'पाऊस आला' एवढंच बोललो. आज चर्चहून आली, कोट न काढताच समोर उभी राहिली.

"मी बोट ठेवलं, म्हणजे तुझ्या खोट्यात मीही आले. मला न विचारता तू मला यात घेतलंस."

"मी कुठं..."

"बेचाळीस वर्षं घेतलंस. आता ऐक. पोलिसांचा दाखला काढायचा. लंडनला जायचं. जे असेल ते त्यांच्या तोंडावर सांगायचं. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पण माझी पोरगी आणि तो मुलगा असं समजत असतील की तू त्यांच्या रंगामुळे येत नाहीस, तर ते त्यांना तुझ्याच तोंडून कळायला हवं. मी एक अक्षर सांगणार नाही."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू राहणार का?" मी विचारलं.

"मी कुठे जाऊ या वयात?" ती म्हणाली आणि मग कोट काढला. हे उत्तर मी चांगलं धरावं की वाईट, ते कळत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

दाखला आला. एका ओळीत सगळं. तारीख, क्राउन कोर्ट, 'गंभीर शारीरिक इजा', नऊ महिने. त्या माणसाचं नाव नाही, डोळ्याचा उल्लेख नाही. मला आधी हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. लॉरेननं कागद वाचला आणि फ्रिजवर चुंबकानं लावला, विजेच्या बिलाशेजारी. दूध काढायला गेलो की दिसतो.

९ मे, गुरुवार

लंडन. पहाटेची गाडी. लॉरेन आली नाही.

वकिलातीच्या बाहेर रांग. तरुण पोरं, शिकायला निघालेली, हातात फायली. माझ्या पुढची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही नातवंडांना भेटायला चाललात का?" मी हो म्हणालो. "किती गोड," ती म्हणाली.

काचेपलीकडे एक बाई, कर्स्टीपेक्षा लहान. बोटांचे ठसे घेतले. दाखला वाचला. मग म्हणाली, "काय झालं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा."

माझे शब्द तयार होते. रेल्वेत घोकत आलो होतो. पाच जण होतो, वय कमी होतं, प्यालेलो होतो. ते बोलून झालं. ती टाइप करत नव्हती, नुसती बघत होती.

"आणि तुम्ही काय केलंत?"

मग मी सांगितलं. त्याच्या गळ्यात तिकिटं काढायचं यंत्र होतं, लोखंडाचं, चामडी पट्ट्याचं. मी ते ओढून घेतलं. पट्ट्याला धरून फिरवलं. एकदा तोंडावर. मग परत एकदा.

"परत का?"

"तो पहिल्या वेळी पडला नाही म्हणून."

आता ती टाइप करायला लागली. मागच्या खिडकीपाशी कुणीतरी हसत होतं, त्याचं काम झालं असावं. टाइप करून झाल्यावर तिनं विचारलं, "फेब्रुवारीत तुमच्या नावानं एक अर्ज आलाय. त्यात या प्रश्नाला नाही असं उत्तर आहे. तो कुणी भरला?"

"मी."

"तुम्ही स्वतः?"

"अर्ज माझ्या नावाचा आहे, उत्तर माझं आहे."

लॉरेनला सव्वीस तारखेला जायचंय. तिचं नाव तिथं यायला नको होतं. आज दिवसभरात तेवढी एकच गोष्ट अशी केली की जिची लाज वाटत नाही, आणि तीही पुन्हा थापच.

व्हिसा नाही. गुन्हा एक आणि खोटा अर्ज दोन. माफीसाठी अर्ज करता येईल, त्याला महिनेच्या महिने लागतात, आणि मिळेलच असं नाही. बाई नम्रपणे बोलत होती. पासपोर्ट काचेखालून परत सरकवला. कोराच.

१२ मे, रविवार

संध्याकाळी पाचला फोन केला, तिकडे सकाळचे नऊ. दोघांनाही बसायला सांगितलं. लॉरेन इकडे दाराबाहेर जिन्यावर बसली होती, मला तिची चप्पल दिसत होती.

या वेळी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पगडी मी ओढली. यंत्र मी फिरवलं. दोनदा. त्या लग्नाच्या दिवशी का पळालो तेही सांगितलं.

कर्स्टी पोटावर हात ठेवून ऐकत होती. माझं संपायच्या आधीच म्हणाली, "डॅड, बास," आणि पडद्यावरून गेली. पलीकडच्या खोलीत तिचं रडणं ऐकू येत होतं. तिच्या या अवस्थेत मी हे सांगायला नको होतं का? की आणखी थांबणं म्हणजे परत तेच झालं असतं? मला आता कुठलीच गोष्ट धड ठरवता येत नाही.

सिम बसून राहिला.

"माझे वडील अजून विचारतात," तो म्हणाला, "की त्या दिवशी माझं काय चुकलं? हात आधी पुढे केला म्हणून तुमच्याकडे वाईट दिसलं का?"

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या.

"त्यांना सांग, त्यांचं काही..."

"मी नाही सांगणार. ते तुमचं काम आहे. पण आज नाही." मग म्हणाला, "त्या कंडक्टरचं नाव काय होतं?"

"आठवत नाही."

"आठवत नाही, की माहीतच नाही?"

कोर्टात वाचलं होतं. ते नाव ऐकून आम्ही पाचही जण एकमेकांना कोपरानं ढोसत होतो, हसू आवरत. न्यायाधीशांनी दम भरला होता. ते हसणं आठवतंय. नाव आठवत नाही. हे मी त्याला सांगितलं.

"शोधा," सिम म्हणाला. "सापडलं की फोन करा. नाही सापडलं तर करू नका."

२६ मे, रविवार

लॉरेन गेली. स्टेशनवर सोडायला गेलो होतो. फ्रीजरमध्ये डबे भरून ठेवलेत, वर चिठ्ठ्या लावल्यात. गाल पुढे केला नाही. पण गाडीत चढता चढता माझ्या कॉलरचं टोक सरळ केलं. सवयीनं असेल.

४ जून, मंगळवार

हॅलिफॅक्सला सत्तेचाळीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. आमची गल्ली राहिली नाही. बस स्थानक नवं केलंय. तिथं एक शीख बाई ड्रायव्हरच्या जागेवर बसून सँडविच खात होती, मी मान खाली घालून पुढे गेलो.

ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर उतरवलेली आहेत, ती यंत्रात घालून पडद्यावर बघता येतात. तिथल्या माणसानं विचारलं, "घराण्याचा इतिहास शोधताय?" मी म्हणालो, "तसंच काहीसं." त्यानं रीळ लावून दिलं, चाक कसं फिरवायचं दाखवलं, आणि तो खुर्ची ओढून शेजारीच बसला. भला माणूस. त्याला कसं सांगू, उठा म्हणून?

नोव्हेंबरात सापडलं. आतल्या पानावर, एका बोटभर रकान्यात. आमची पाचांची नावं. माझं स्पेलिंग चुकवलेलं. ग्रंथालयाच्या माणसानं ते नाव बघितलं, मग माझ्या हातातलं ओळखपत्र बघितलं, आणि "मी आहे पलीकडे, लागलं तर सांगा" म्हणून उठून गेला.

कंडक्टर, वय चौतीस, तीन मुलं. उजवा डोळा कायमचा गेला. बसच्या नोकरीवर परत जाता आलं नाही, गिरणीत झाडलोटीच्या कामाला लावलं होतं. आणि त्याची साक्ष छापली होती, चार ओळी. त्यात तो म्हणतो, मुलं दंगा करत होती पण मला त्याचं काही वाटलं नाही, मलाही मुलगे आहेत. गाडी वळणावर होती. पुढच्या मुलाचा तोल जात होता. मी त्याला म्हणालो, दांडा धर बाळा, पडशील.

आणि मग त्या मुलानं माझी पगडी ओढली.

हे मला आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. वाचलं आणि आवाज ऐकू आला, अगदी कानाशी. 'दांडा धर.' आणि मला हेही आठवलं की मी तो धरला होता. एका हातानं दांडा धरला होता, म्हणून तर पडलो नाही.

नाव कागदावर उतरवून घेतलं. तीनदा लिहिलं.

१३ जून, गुरुवार

काल रात्री तिकडे मुलगी झाली. लॉरेननं निरोप पाठवला: 'दोघी सुखरूप. साडेसात पौंड.' बाकी काही नाही. फोटो नाही.

चार तारखेपासून नाव खिशात घेऊन फिरतोय. बाळंतपणाच्या आधी फोन करायचा धीर झाला नाही. आज पाच वाजता केला. सिमनं उचलला. दाढी वाढलेली, डोळे लाल, चेहऱ्यावर असं काही की मला बघवेना. अभिनंदन म्हणालो.

"सापडलं का?" तो म्हणाला.

मी वाचलं, "टार्लोचन सिंग माथारू."

त्यानं मान हलवली.

"परत म्हणा. 'टा' नाही, 'त'. जीभ दातांना लावा. तरलोचन."

"टरलोचन."

"'त'. हळू."

अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, स्वयंपाकघरात उभा राहून शाळेतल्या पोरासारखा म्हणत होतो, आणि तो गणिताच्या मास्तरसारखा थांबवून थांबवून परत म्हणायला लावत होता. चिडला नाही. एकदाही हसला नाही. आम्ही हसलो होतो.

"या नावाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"राहू दे. आज नाही सांगत."

मी विचारलं, "ते असतील तर त्यांना शोधून भेटू का? ब्याऐंशीचे असतील. किंवा त्यांच्या मुलांना पत्र लिहू?"

"कशासाठी? तुमच्या छातीवरचा धोंडा त्यांच्या दारात नेऊन ठेवायला?" मग तोच जरा थांबून म्हणाला, "मला माहीत नाही, माल्कम. खरंच माहीत नाही. माझ्या वडिलांना विचारा. त्यांच्याशी बोलाल तेव्हा."

मागे कुठेतरी ती रडायला लागली. इतका बारीक आवाज. सिमनं मान वळवली, आणि त्या वळण्यातच मला कळलं की तो आता जाणार.

"तुमची नात उठली," तो म्हणाला. "उद्या याच वेळेला करा. तोवर म्हणत राहा."

फोन बंद झाला. मी ओट्यापाशी तसाच उभा आहे, वही इथंच उघडली आहे. तुमची नात, असं म्हणाला तो.

तरलोचन सिंग मठारू. लिहिताना जमतं. तोंडातून अजून 'ट'च येतोय.